डार्टमूरच्या माथ्यावरचं केर्न आणि व्हाइटहॉर्स हिलची दगडी पेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केर्न म्हणजे नेमकं काय?

माणसांनी रचलेली दगडांची रास. पण सगळी केर्न सारखी नसतात. गिर्यारोहक वाट दाखवायला चार दगड एकावर एक ठेवतात, त्यालाही केर्नच म्हणतात. या पानावर आपण बोलतोय ते प्रागैतिहासिक दफनकेर्नबद्दल. त्यात मधोमध मृताचे अवशेष असतात, बरेचदा चार-पाच शिळा उभ्या करून केलेल्या छोट्या पेटीत. पेटीवर झाकणशिळा आणि त्यावर दगडांचा ढीग. या पेटीला पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ‘सिस्ट’ म्हणतात आणि डार्टमूरचे जुने लोक ‘किस्टव्हेन’ म्हणायचे. दगडांऐवजी माती वा गवताची ढेकळं रचली असतील तर त्या उंचवट्याला ‘बॅरो’ म्हणतात. जमिनीवर मात्र हे वर्गीकरण इतकं चोख नसतं. ज्या व्हाइटहॉर्स हिलभोवती हे सगळं पान फिरतं, तिथला उंचवटा तर दगडांचाही नव्हता, तो पीटचा होता.

पीट म्हणजे? आणि मूर म्हणजे?

मूर म्हणजे उंचावरचा उघडा, थंड, कायम ओला माळ. झाडं जवळजवळ नाहीतच, हेदरची झुडपं, राठ गवत आणि शेवाळ. पाणी निचरत नाही, त्यामुळे मेलेलं गवत-शेवाळ पूर्ण कुजत नाही. ते थरावर थर साचत जातं आणि काळपट, स्पंजासारखा गाळ तयार होतो, तोच पीट. वाळवला की चुलीत जळतो, म्हणून शतकानुशतकं लोक तो कापून नेत आले आहेत.

डार्टमूर कुठे आहे?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, डेव्हन परगण्यात. ग्रॅनाइटचं पठार, सर्वांत उंच ठिकाण हाय विल्हेज, ६२१ मीटर. म्हणजे उंची आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही कमी, पण वारा आणि धुकं असं की उंचीचा आकडा फसवा वाटावा. १९५१ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर, आणि त्यात हजाराहून जास्त केर्न नि बॅरो, सुमारे दोनशे दगडी पेट्या. शिवाय शिळांच्या रांगा, वर्तुळं, गोल घरांचे पाये. एवढं शिल्लक राहिलं, कारण कांस्ययुगानंतर इथे मोठ्या प्रमाणावर नांगर फिरला नाही. खालच्या सुपीक खोऱ्यांतही माणसं होतीच, त्यांच्या खुणा शेतीने पुसल्या. तेव्हा नकाशावर मूरवर ठिपक्यांची गर्दी दिसते म्हणून ‘तेव्हा सगळे डोंगरावरच राहत होते’ असा निष्कर्ष काढू नका.

मग व्हाइटहॉर्स हिलचंच एवढं कौतुक कशाला?

कारण तिथे पेटी भरलेली निघाली.

हा माथा उत्तर डार्टमूरवर, साधारण ६०० मीटर उंचीवर, लष्कराच्या गोळीबार सरावाच्या हद्दीत आहे. पीट कापणाऱ्यांनी आणि नंतर वाऱ्यापावसाने उंचवट्याच्या कडा खाल्ल्या, आणि उत्खननाच्या दहा-बारा वर्षं आधी पेटीची टोकाची एक शिळा निखळून बाहेर पडली. तेव्हा कळलं की आत पेटी आहे. धूप थांबेना. अखेर ऑगस्ट २०११ मध्ये राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने उत्खनन केलं. डार्टमूरवर जवळपास शंभर वर्षांत कुणी न फोडलेली पेटी उघडली गेली नव्हती. खरं सांगायचं तर खोदणाऱ्यांची अपेक्षा माफक होती: पीटमधले परागकण मिळतील, जुन्या पर्यावरणाचा अंदाज येईल, इतपत. झाकणशिळा उचलल्यावर केस आणि विणकाम दिसलं आणि कामाचा रोखच बदलला. आतला ऐवज तिथे उकरत न बसता ठोकळ्याच्या रूपात उचलून चिपनहॅमच्या संवर्धन प्रयोगशाळेत नेला. पुढचं ‘उत्खनन’ टेबलावर, चिमट्याने आणि ब्रशने झालं.

आत काय काय होतं?

तळाशी मूरवरच्याच गवताचं अंथरूण. त्यावर दहन केलेल्या माणसाची हाडं, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली. तांब्याच्या मिश्रधातूची एक टाचणी, बहुधा ते कातडं बांधून ठेवणारी.

शेजारी झाकणाची एक लहान गोल टोपली. ती लिंडनच्या झाडाच्या आतल्या सालीच्या वाखाची होती आणि गुरांच्या केसांनी शिवलेली. टोपलीचा एक्स-रे काढला तेव्हा आतले मणी उघडण्याआधीच दिसले. दोनशेहून जास्त मणी: बरेचसे मातीचे, बरेचसे शेल नावाच्या काळ्या खडकाच्या पातळ चकत्या, सात अंबरचे (म्हणजे पुरातन झाडांची दगडासारखी झालेली राळ) आणि एक कथलाचा.

मण्यांबरोबर लाकडी कुड्यांच्या दोन जोड्या. एक जोडी मोठी, एक लहान. कानाच्या पाळीचं भोक ताणून रुंद केलेलं असेल तरच बसतील अशा. लाकूड स्पिंडल नावाच्या झाडाचं, बारीक कणाचं आणि फिकट. कुड्यांवरच्या खुणांवरून त्या फिरवून घडवल्या आहेत हे कळतं, म्हणजे कातीव काम. ब्रिटनमधला कातीव लाकडाचा हा सर्वांत जुना पुरावा आहे.

मग गुरांच्या केसांची विणलेली एक पट्टी, दंडावर किंवा मनगटावर बांधायची. त्यात कथलाच्या बारीक टिकल्या ओळीने बसवलेल्या, तीसेक तरी. धातू पार गंजून गेला होता, पण रांग दिसत होती. केस गडद आणि टिकल्या ताज्या असताना रुपेरी, म्हणजे हात हलला की लखलखत असणार.

आणि माझ्या मते सगळ्यांत भारी वस्तू म्हणजे एक कापडाचा तुकडा. मध्यभागी नेटल या अंगाला लागल्यावर आग करणाऱ्या झुडपाच्या तंतूंचं तलम विणकाम, त्याला वासराच्या कातड्याची बारीक गोट, आणि दोन्ही बाजूंना कातड्याच्या टोकदार त्रिकोणांची ओळ. टाके इतके जवळजवळ आहेत की चांगल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने भिंग लावून बघावेत. तो कमरपट्टा होता की उपरण्यासारखं काही, यावर मतं वेगळी आहेत. काहीही असो, हाडाच्या किंवा कांस्याच्या सुईने हे करणाऱ्या हाताला आयुष्यभराचा सराव होता.

हे चार हजार वर्षांच्या आसपास टिकलं कसं?

पीटमुळे. पाण्याने भरलेल्या पीटमध्ये प्राणवायू नसतो, त्यामुळे कुजवणारे जिवाणू काम करू शकत नाहीत. पीट आम्लही असतो. आम्ल हाडातला चुना विरघळवतं, पण केस, कातडं, शिंग यांना फारसं काही करत नाही. कमावलेल्या चामड्यासारखी त्यांची अवस्था होते. वनस्पतींचे तंतू मात्र आम्लात सहसा तग धरत नाहीत, म्हणूनच नेटलचं कापड मिळणं हा दुर्मीळ योग. हाडं टिकली ती जळलेली होती म्हणून. भाजलेलं हाड कच्च्या हाडापेक्षा आम्लात जास्त टिकतं.

बाकीच्या दोनशे पेट्यांत मग काहीच का नाही?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि कुणी फारसा विचारत नाही.

डार्टमूरची बहुतेक केर्न दगडांची, त्यांखालची जमीन आम्ल पण हवा खेळती. म्हणजे दोन्हीकडून मार. न जळलेली हाडं आम्लाने गेली, कापड-कातडं-लाकूड कुजून गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डार्टमूर शोध समितीने (सबीन बेअरिंग-गूल्ड, रॉबर्ट बर्नार्ड ही त्यातली मोठी नावं) पेट्यांमागून पेट्या उघडल्या आणि नोंदी लिहिल्या: चकमकीच्या दगडाचा एक तुकडा, थोडा कोळसा, कधी एखादं भांडं, बऱ्याचदा काहीच नाही. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या असं चित्र रंगवलं गेलं की मूरवरचे लोक गरीब, अंगावर कातडी पांघरून जगणारे.

व्हाइटहॉर्स हिलच्या ऐवजातून कुजण्याजोगं सगळं मनातल्या मनात काढून टाका. काय उरतं? थोडे मणी, एक टाचणी, चकमकीची एक कपची, जळलेली हाडं. टोपली नाही, कुड्या नाहीत, कापड नाही, अस्वल नाही. केसांची पट्टी गेली की कथलाच्या टिकल्या म्हणजे करड्या भुकटीचे ठिपके, आणि १८९० च्या दशकातल्या मजुराच्या फावड्याला ते दिसलेही नसते. थोडक्यात, ज्या पेट्यांना आपण ‘रिकाम्या’ म्हणतो त्या रिकाम्या पुरल्या होत्या असं म्हणायला काही आधार नाही.

ती राजकन्या होती का? बातम्यांत तसं वाचलं.

बातम्यांना राजकन्या आवडतात. हाडांवरून इतकंच कळतं: वय साधारण १५ ते २५, बहुधा स्त्री. ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम आहे, कारण दहनानंतर हाडं तडकतात, आकसतात, आणि लिंग ठरवायला लागणारे भाग क्वचित अखंड मिळतात. वयाचा अंदाज हाडांची टोकं जुळून आली आहेत का यासारख्या खुणांवरून काढतात. दागिने होते म्हणून बाई, हा तर्क चालत नाही. दागिने पुरुषही घालत.

वस्तू मौल्यवान होत्या, दूरदूरहून आल्या होत्या, त्यामागे कुणाची तरी ऐपत आणि ओळखी होत्या, हे खरं. पण ‘राजघराणं’ म्हणायला त्या काळात डार्टमूरवर राजवाडा नाही, राजधानी नाही, काहीच नाही. शिवाय थडग्यातल्या वस्तू मृताच्याच असतात असंही नाही. माहेरच्यांनी, सासरच्यांनी, शेजाऱ्यांनी शेवटच्या वेळी ठेवलेल्या असू शकतात.

काळ कसा ठरला?

रेडिओकार्बन पद्धतीने, म्हणजे सेंद्रिय वस्तूत किरणोत्सारी कार्बन किती उरला आहे ते मोजून. पेटीच्या बाजूला हेझलच्या लाकडाचे खुंट उभे रोवलेले होते. त्यांच्यासारख्या सेंद्रिय वस्तूंवरून इ.स.पू. १७३० ते १६०० हा काळ मिळतो, म्हणजे ब्रिटनमधलं आरंभीचं कांस्ययुग. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं तेव्हा ओस पडत आली होती आणि आपल्याकडे इनामगाव, दायमाबादला ताम्रपाषाणयुगीन शेतकरी होते. एवढं संदर्भासाठी. या दोन जगांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

अंत्यविधी कोणत्या ऋतूत झाला हेही सांगतात. ते कसं?

पेटीत मेडोस्वीटचे परागकण सापडले. ही ओलसर जागी वाढणारी, पांढऱ्या गोड वासाच्या फुलांची वनस्पती, तिकडच्या उन्हाळ्यात फुलते. गवतही त्याच सुमाराचं. म्हणजे उन्हाळा, साधारण जुलै-ऑगस्ट. फुलं सोबत ठेवली होती असं मानायला हरकत नाही. ब्रिटनमधल्या याच काळातल्या आणखी काही थडग्यांतही मेडोस्वीट मिळालं आहे.

वस्तू कुठून आल्या होत्या?

 अंबर बाल्टिक समुद्राकडचा. शेल बहुधा डॉर्सेटच्या किनाऱ्यावर किमरिजचा. स्पिंडलला चुनखडीची जमीन मानवते, मूरची आम्ल माती नाही, म्हणजे कुड्यांचं लाकूड खालच्या मुलखातलं. अस्वलं त्या काळी दक्षिण ब्रिटनमध्ये विरळच झाली असावीत, तेव्हा कातडं कुठून तरी मिळवलेलं.

कथलाची गोष्ट वेगळी. तांब्यात कथील मिसळलं की कांसं होतं, आणि डेव्हन-कॉर्नवॉल हा युरोपातला कथलाचा मोठा साठा. मध्ययुगात डार्टमूरच्या ओढ्यांतून लोकांनी टनावारी कथील काढलं. कांस्ययुगातही काढत असणार असं सगळे गृहीत धरायचे, पण मूरवर त्या काळातली कथलाची वस्तू मिळाली नव्हती. ती इथे मिळाली, आणि तीही कांस्यात मिसळलेली नाही, तर शुद्ध कथील दागिना म्हणून मिरवलेलं.

माथ्यावरच का पुरायचं?

सगळी केर्न माथ्यावर नाहीत. उतारावर, ओढ्याकाठी, शिळांच्या रांगेच्या टोकाला अशीही पुष्कळ आहेत. पण माथ्यावरची दुरून दिसतात, आणि तेव्हा मूर बराचसा मोकळा होता: आधीच्या पिढ्यांनी जंगल जाळून, तोडून चराईला कुरणं केली होती. उन्हाळ्यात गुरं वर चारायला आणायची, तर माथ्यावरचं केर्न म्हणजे ‘इथे आमची माणसं आहेत’ असं सांगणं. हे स्पष्टीकरण मला पटतं, पण ते सिद्ध करता येत नाही. पेट्यांची लांब बाजू बहुतेक वेळा वायव्य-आग्नेय असते, त्यावरून सूर्याशीही काही नातं जोडलेलं असावं.

आत खजिना असतो का?

ही समजूत फार जुनी. १३२४ मध्ये डेव्हनमधले सहा बॅरो खोदून धन शोधायची राजाज्ञा एका सरदाराला मिळाल्याची नोंद आहे. स्थानिक लोक पेट्यांना ‘मनी बॉक्स’, ‘सोन्याचा हंडा’ म्हणत. मूरवरच्या प्रिन्सटाउन गावाजवळच्या एका पेटीचं नावच ‘क्रॉक ऑफ गोल्ड’ आहे. परिणाम एवढाच की बहुतेक केर्नच्या मध्यावर आज खड्डा दिसतो.

सोनं अगदीच मिळालं नाही असंही नाही. १८७२ मध्ये हॅमलडाउन या डोंगरकण्यावरच्या बॅरोत एक कट्यार मिळाली, मुठीचं टोक अंबरचं आणि त्यात सोन्याच्या बारीक खिळ्यांची नक्षी. साडेतीन हजारांहून जास्त वर्षं जमिनीत राहिलेली ती मूठ १९४१ च्या प्लिमथवरच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली.

ड्रुइडांचा याच्याशी संबंध आहे?

नाही. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहित, ते लोहयुगाच्या शेवटी, रोमनांच्या काळात येतात. मध्ये दीड हजार वर्षं आहेत. ही जोडणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या हौशी लेखकांची.

आपल्या विदर्भातल्या शिळावर्तुळांसारखंच आहे ना हे?

दिसायला साम्य आहे: दगडांचं कडं, मध्ये दगड-मातीचा भराव, आत मृताचे अवशेष. पण नागपूरजवळचं जुनापाणी (तिथे सुमारे ३०० वर्तुळं आहेत), माहुरझरी, टाकळघाट-खापा ही लोहयुगातली, म्हणजे व्हाइटहॉर्स हिलनंतर निदान पाच-सहाशे वर्षांनी सुरू झालेली. तिथे लोखंडाची हत्यारं आहेत, माहुरझरीला तांब्याच्या अलंकारांसह पुरलेला घोडा आहे. एका लोकांनी दुसऱ्यांकडून उचललं, असं काही नाही.

खरा दुवा आहे तो अभ्यासकांचा. एकोणिसाव्या शतकात फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने भीमेकाठी जेवर्गीजवळ आणि शोरापूर भागात केर्न खोदली आणि त्यांचे उभे छेद काळजीपूर्वक काढून ठेवले. त्या काळाच्या मानाने हे काम फारच शिस्तीचं होतं. वर्णन करताना त्याने शब्द वापरले ते ब्रिटनमधले: केर्न, किस्टव्हेन. रिव्हेट-कार्नाक या दुसऱ्या अधिकाऱ्याने जुनापाणीला उत्खनन केलं आणि दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना युरोपातल्या खळग्यांशी केली. दोघांनाही सगळ्याचा उगम एकच वाटत होता. रेडिओकार्बन यायच्या आधी असं वाटणं साहजिक होतं.

संरक्षित स्मारक असताना खोदायची परवानगी कशी मिळाली?

नियम हाच की जमत असेल तर हात लावायचा नाही. इथे न खोदणं म्हणजे डोळ्यांदेखत गमावणं होतं. पीट सुकला की आतली वस्तू काही ऋतूंत संपते. म्हणून रीतसर परवानगी घेऊन हे केलं.

तिथे जाता येतं का?

येतं, पण आधी दोन गोष्टी. ओकहॅम्प्टन रेंजवर (हीच ती लष्करी सरावाची हद्द) गोळीबाराचे दिवस आधी जाहीर होतात, ते बघून निघा. हद्दीवर लाल निशाण असेल तर पुढे जायचं नाही, आणि जमिनीवर पडलेल्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही. दुसरं, वाट दलदलीची आहे आणि धुकं दहा मिनिटांत उतरतं. नकाशा-होकायंत्र वापरता येत नसेल तर माहितगार सोबत न्या, फोनच्या भरवशावर जाऊ नका.

आणि स्पष्टच सांगतो, वर पोचून बघण्यासारखं फार काही नाही. सापडलेला ऐवज प्लिमथच्या संग्रहालयाकडे गेला. २०१४ मध्ये तिथे त्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी कारागिरांनी टोपली, कुड्या, नेटलचं कापड पुन्हा करून पाहिलं होतं.

मग पाहुण्यांना घेऊन जायला सोपं ठिकाण कोणतं?

मेरिव्हेल. प्रिन्सटाउन-टॅव्हिस्टॉक रस्त्यालगतच, शिळांच्या दुहेरी रांगा आणि एक मोठी पेटी. तिच्या झाकणशिळेचा मधला भाग १८६० च्या सुमारास कुणीतरी फाटकाचा खांब करायला कापून नेला, ती फट आजही दिसते. १८९५ मध्ये आत एक चकमकीची तासणी आणि धार लावायचा दगड मिळाला होता. दिवसभर चालायची तयारी असेल तर ड्रिझलकोम: तिथलं जायंट्स बेसिन हे केर्न खरोखर प्रचंड आहे आणि शेजारची शिळा चार मीटरहून उंच.

केर्नवर एक दगड ठेवला तर काय बिघडतं?

बिघडतं. आपल्याकडे सह्याद्रीत वाटेवर दगड रचायची सवय असते, ती इथे आणू नका. एक ठेवतो, दुसरा चार ठेवतो, तिसरा वाऱ्याला आडोसा म्हणून मधले दगड काढून भिंत करतो, आणि चार हजार वर्षांची रचना विस्कटते. दगड ठेवायचा नाही, काढायचा नाही, केर्नवर चढून फोटो काढायचे नाहीत. १९७९ च्या कायद्याखाली संरक्षित स्मारकाचं नुकसान हा गुन्हा आहे आणि तिथे परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणंही.

काही उघडं पडलेलं दिसलं तर?

उचलू नका, झाकू नका. फोटो काढा, नकाशावरचा संदर्भ लिहून घ्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयाला कळवा. व्हाइटहॉर्स हिलची पेटीही एक शिळा पडल्यामुळेच कळली.

त्यानंतर असं दुसरं काही मिळालं का?

हो. २०२४ मध्ये जवळच्याच कट हिल या माथ्यावरची पेटी उघडली. तीही पीटमधली, तिचाही ठोकळा उचलून चिपनहॅमला नेला, आणि तिच्यातही प्राचीन लाकूड निघालं. पीट सुकतोय हे दोन्ही ठिकाणचं मूळ कारण. त्यामुळे आता मूरवर जुने पाण्याचे चर बुजवून पीट पुन्हा ओला करायचं काम चालू आहे. ते मुळात कार्बन आणि पाण्यासाठी होतंय, पण अजून न दिसलेल्या पेट्यांनाही त्याचा फायदा होईल.